चार वाजेपर्यंत

तिरुमलराव चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. सिद्ध झाल्याशिवाय काही मानायचं नाही हा त्यांचा खाक्या मैसूरच्या अख्ख्या अग्रहार वस्तीला ठाऊक होता. मुलाच्या नोकरीतला विश्रांतीचा नियम म्हणूनच त्यांना फार आवडायचा. श्रीहरी वैमानिक. इतके तास उडालं की इतके तास झोप, आणि त्या वेळात कंपनीनेसुद्धा फोन करायचा नाही. कसं स्वच्छ!

पण काल संध्याकाळी श्रीहरी घरी आला तोच डोळे खोल गेलेले. मागोमाग नियम धाब्यावर बसवून कंपनीचा फोन आला. उद्याच्या मैसूर–चेन्नई विमानाला वैमानिक मिळत नाही, येता का?

"जमणार नाही. उद्या चारपर्यंत माझी विश्रांती आहे. चारनंतर राखीव ड्यूटी, तेव्हा बोलवा." त्याने मोबाइल बंद करून वडिलांच्या हातात दिला. "अप्पा, चारच्या आत मला कुणी उठवायचं नाही हं."

त्याच विमानाचं तिकीट त्याच्या आईने, कृष्णवेणीबाईंनी, महिन्यापूर्वी काढलं होतं. चेन्नईला बहिणीकडे जायचं होतं. दुसरा कोणी वैमानिक मिळाला असावा, कारण सकाळी विमान वेळेवर असल्याचा निरोप आला. निघताना त्या लेकाच्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"हात लावून उठवू नका हं त्याला. लागलंच तर इथून नावाने हाक मारा. झोपलेल्याचा जीव बाहेर हिंडत असतो."

"हिंडू दे. तिकीट काढून हिंडतो म्हणावं," तिरुमलराव म्हणाले आणि त्यांनी बायकोला ऑटोत बसवून दिलं.

अकरा वीसला तिचा फोन आला.

"अहो, सांगायचं नाही होय? आपला श्रीहरीच चालवतोय विमान!"

"काय बोलतेस वेणी? तो झोपलाय घरात."

"अय्यो, सुम्ने, उगाच थट्टा करू नका. चढताना बघितलं मी. पुढे दारात उभा होता. हसला, बोलला मात्र नाही. किती दमलाय हो तो! आणि आत्ता माइकवरसुद्धा त्याचाच आवाज आला. ठेवते, फोन बंद करा म्हणतायत."

म्हातारपणी नजर दगा देते, असं स्वतःशी पुटपुटत तिरुमलराव खोलीत गेले. श्रीहरी उताणा झोपला होता. युनिफॉर्म खुंटीला होता. श्वास संथ. उगाच घाबरलो, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात श्रीहरीचा उजवा हात चादरीवर हलला. जड काहीतरी पुढे ढकलावं तसा तो हळूहळू पुढे सरकत गेला. अकरा तेहतीस झाले होते. लांब मंडकळ्ळीच्या विमानतळाच्या बाजूने विमान उठल्याचा आवाज आला आणि विरत गेला.

त्याला गदागदा हलवून उठवावं म्हणून तिरुमलरावांनी हात पुढे केला, आणि तो हवेतच थांबला. हा इथे जागा झाला तर तिथे कोण राहील? विमानात सत्तर माणसं. वेणी. चौतीस वर्षांचं गणित इथे काडीच्या कामाचं नव्हतं.

त्यांनी दाराची घंटा काढून ठेवली. कुकरखालचा गॅस बंद केला. गल्लीत भाजीवाला ओरडू लागला तेव्हा अनवाणी धावत जाऊन त्याच्यापुढे हात जोडले. मग उंबऱ्यात येऊन बसले.

बारा वीसला करंट गेला.

पंखा मंदावत थांबला. श्रीहरीच्या कपाळावर घाम आला. पापण्या थरथरल्या. हात चादर चाचपू लागला.

"नको रे राजा," तिरुमलराव ओठांतल्या ओठांत म्हणाले. त्यांनी पेपर उचलला आणि वारा घालू लागले. दंड भरून आले. ते थांबले नाहीत. हळूहळू पापण्या मिटल्या.

एक वाजून दहा मिनिटांनी त्यांचा स्वतःचा मोबाइल थरथरला. ते बाहेर पळाले.

"उतरले हो," वेणी म्हणाली. "मध्येच विमान खाली गेलं, जीव मुठीत धरून बसलो सगळे. मग आपोआप सावरलं. उतरताना श्रीहरीला हाक मारली मी. म्हणाला, परतीचंही मलाच न्यायचंय. आणि म्हणाला, अप्पांना सांग, हात बदलून वारा घाला."

तिरुमलराव आत गेले आणि पेपर डाव्या हातात घेतला.

दीडला पलंगावरचा हात पुन्हा पुढे सरकला. तीनला मागे आला.

करंट आलाच नाही.

चार वाजले. नियम संपला. आता उठवायला हरकत नव्हती. त्यांनी उंबऱ्यातून हाक मारली.

"श्रीहरी!"

"ओ, अप्पा."

आवाज पाठीमागून आला होता, पुढच्या दाराबाहेरून. पायरीवर कुणीतरी बूट काढत होतं.

"दार उघडा. फार झोप आलीय मला."

पलंगावर श्वास तसाच संथ चालू होता.