सुट्टी म्हणायची राहिली

लाईट काही बाराशिवाय येत नाही. तोवर विहिरीवरच्या मोटारीपाशी बसायचंच आहे, तर शेकोटीत दोन काटक्या सारा आणि ऐका. बिबट्याच्या गोष्टी पुरे झाल्या आता. आपल्या बोरी गावात बिबट्या कुत्र्यासारखा फिरतो, त्याचं काय एवढं कौतुक! मी सांगतो ती गोष्ट निराळी आहे आणि ती ऐकीव नाही. माझ्या साडूचा थोरला, गोरख, त्याच्यावर गुदरलेली आहे. आज तो चाकणला कंपनीत आहे, बायकापोरांत आहे, खोटं बोलून त्याला काय मिळणार? पटलं तर पटलं, नाहीतर उठून बांधावर जाऊन बसा. एकटे.

साल दोन हजार चार. कार्तिकातली अमावास्या आणि वर शनिवार. गोरख तेव्हा नारायणगावात हायवेच्या कडेला चायनीजच्या गाडीवर कामाला होता. लाल पत्र्याची गाडी, तिच्यावर पिवळा ड्रॅगन रंगवलेला. पेंटरनं जन्मात ड्रॅगन पाहिला नव्हता, म्हशी मात्र पुष्कळ पाहिल्या होत्या, हे त्या चित्रावरून कळायचं. गाडीचे मालक चांगदेवशेठ, वारूळवाडीचे. चीन कुणीकडं आहे हे शेठना ठाऊक नव्हतं, पण शेजवान राईस असा करायचे की पुण्याची माणसं मोटारी थांबवून खायची.

त्या दिवशी संध्याकाळी गॅस संपत आला, म्हणून गोरख सायकल घेऊन शेठच्या घरी टाकी आणायला गेला. शेठ नव्हते. त्यांच्या बायकोनं, ठमाबाईंनी, टाकी काढून दिली.

"आळेफाट्याला पावन्यांत मयत झालीया. शेठ उद्याच येत्याल. आज तुलाच गाडी बंद करायचीय."

"करतो की काकी."

"आन् ऐक. निघताना 'सुट्टी झाली' म्हन. मोठ्यानं म्हन."

"कुनाला?"

ठमाबाईंनी टाकी बांधायला दोरी पुढं केली. "कुनाला म्हंजी? म्हन आपलं. शेठ रोज म्हनत्यात ना?"

शेठ रोज म्हणायचे हे खरं. शेवटची ऑर्डर गेली की कढई घासायची, थंड शेगडीवर पालथी घालायची, आणि मग रस्त्याकडं तोंड करून शेठ म्हणायचे, "चला, सुट्टी झाली. जा आता घरी." गोरखला वाटायचं, हे आपल्यालाच. त्या एका वाक्यासाठी तो दुपारी चारपासून कान टवकारून असायचा.

आणि का नसावा? चारला कोबी चिरायला बसलेलं पोर मध्यरात्र उलटल्यावर सुटायचं. पाय सुजून चपलेत मावायचे नाहीत. नखांत सोयासॉस, बोटांना साबणानं न निघणारा लाल रंग, अंगाला लसणाचा असा वास की एसटीत शेजारचा माणूस सरकून बसायचा. एकोणिसाव्या वर्षी तो गुडघ्यावर हात टेकून उठायला लागला होता. आम्ही चेष्टा करायचो, "काय राव, तरणंताठं पोर तू!" तो नुसता हसायचा. हसायलासुद्धा अंगात जोर लागतो, हे आम्हाला तेव्हा कळलं नाही.

पण त्याच्या सुटकेची वाट निघाली होती. आयटीआय केलेलं होतं त्यानं, फिटरचं. चाकणच्या एका कंपनीत रविवारी सकाळी मुलाखत होती. पहाटेची पहिली एसटी धरली तरच वेळेवर पोचणार. एसटी चुकली की नोकरी चुकली, आणि नोकरी चुकली की पुन्हा कोबी. एवढं सरळ होतं ते. म्हणून खोलीवर न जाता गाडी बंद करून थेट स्टँडवरच जाऊन बसायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

शनिवारची अमावास्या म्हणून गिऱ्हाईक तुरळक होतं. लवकर आटपेल असं वाटलं, तेवढ्यात चार ट्रकवाले आले. अमावास्या पाळणारं पोट ट्रकवाल्याला नसतं. त्यांचं खाणं, हात धुणं, दात कोरणं होईतो एक वाजून गेला.

गोरखनं कढई घासली, पालथी घातली. टाकीची चावी बंद केली. ताडपत्री ओढली, दोरी आवळली. पानाची टपरी कधीच बंद झाली होती. रस्त्यावर माणूस नाही.

ठमाबाईंचं बोलणं त्याला आठवलं, बरं का. विसरला नव्हता तो. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. मग स्वतःचीच लाज वाटली. रिकाम्या रस्त्याला सुट्टी द्यायची? आणि खरं सांगू का, तो इतका थकला होता की दोन शब्द बोलायचेही त्याच्या जिवावर आले. तो तसाच निघाला.

स्टँडच्या निम्म्या वाटेवर त्यानं आवाज ऐकला.

टण्... टण्... टण्...

कढईवर उलथनं आपटल्याचा. रोज कानाशी वाजणारा आवाज. त्याला वाटलं, डोक्यातच घुमतोय. पण डोक्यातला आवाज पाठीमागून येत नाही. तो थांबला. टाकी तर कुणी पळवत नसेल? टाकी गेली तर शेठ विचारणार आपल्याला. शिव्या घालत तो मागं फिरला.

लांबूनच निळा जाळ दिसला.

ताडपत्री वर गुंडाळलेली. कढई शेगडीवर सरळ. आणि गाडीमागं, टोमॅटोच्या पालथ्या क्रेटवर उभं राहून, एक पोरगं भात परतत होतं. क्रेटवर उभं, कारण जमिनीवरून त्याचा हात कढईला पुरलाच नसता. पाठमोरं. अंगात मोठ्या माणसाचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या.

फळीवर प्लेटा मांडलेल्या. एक, तिच्याशेजारी दुसरी, तिच्याशेजारी आणखी. सगळ्या भरलेल्या. कुठल्याच प्लेटीतून वाफ येत नव्हती.

"कोन हाय रं?" गोरखनं विचारलं.

पोरगं वळलं नाही. हात चालू ठेवूनच त्यानं विचारलं,

"शेठ आलं का?"

"न्हाई..."

"मंग आजून किती येळ?"

हाच प्रश्न गोरख स्वतःला रोज विचारायचा. अगदी असाच. अशाच आवाजात.

टण्... टण्...

"सुट्टीच दिली न्हाई कुनी," पोरगं म्हणालं. तक्रार नव्हती त्यात. नुसतं सांगणं.

गोरखला पळायचं होतं. पण तो जाळाकडं बघत राहिला. शेगडीपासून तो दोन हातांवर होता. जाळ पेटलेला. ऊब मात्र नव्हती. उलट गारवा येत होता. विहिरीत वाकल्यावर येतो तसा.

मग आवाज थांबला.

पोरानं न वळताच हात मागं केला. हातात उलथनं.

"दादा... जरा धरता का? पाय लई दुखत्यात. हितंच टेकतो जरा. मंग घेतो परत..."

गोरखचा हात उठला.

त्यानं उचलला नाही. आपोआप उठला. रोज कुणी म्हटलं, हे धर, की उठायचा, तसाच. बोटं दांड्यापाशी गेली. एवढंसं अंतर राहिलं...

ते उलथनं हाताला लागलं असतं तर आज तो चाकणला नसता, असं मी म्हणतो. आजही त्या गाडीवर उभा असता, असं मी म्हणतो. गोरखला हे पटत नाही. त्याचं म्हणणं एकच, "नाना, ते पोरगं खरंच दमलं व्हतं."

आणि त्याला दिसला तो हात. मनगट काडीएवढं. नखांत काळं. बोटं लाल. त्याच्या स्वतःच्या बोटांसारखीच लाल, फक्त लहान. भीती कुठं गेली कुणास ठाऊक. त्याला एकदम रडूच आलं.

"ठिव ते खाली," तो म्हणाला. "सुट्टी झाली तुजी. जा आता घरी."

उलथनं धरलेला हात खाली गेला.

"...शेठ बोललं?"

"व्हय. शेठच बोललं."

मग अगदी हळू...

"घरी कसा जाऊ? यष्टी न्हाई आता."

"कुठं हाय घर?"

"शिनोलीच्या वर. डोंगरात."

"सकाळच्या पयल्या गाडीनं मी चाकनला चाललोय. मंचरला उतर तू, तिथनं मिळंल गाडी. ये माज्यासंगं."

आपण काय बोललो हे बोलून झाल्यावर गोरखच्या ध्यानात आलं. कुणाला बोलावलं आपण? पण शब्द गेला होता.

जाळ विझला. काळोख. हुंकार नाही, पावलं नाहीत, काही नाही. तेवढ्यात नाशिककडून एक ट्रक आला, त्याचा उजेड गाडीवरून सरकला. ताडपत्री ओढलेली होती. दोरी आवळलेली. त्यानं मारलेली गाठ जिथल्या तिथं.

मागं न बघता तो स्टँडवर आला. नळावर कोपरापर्यंत हात घासले, मुलाखतीसाठी पिशवीत आणलेला पांढरा शर्ट चढवला आणि बाकड्यावर बसला. झोपायचं नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. पण झोपेला भूतखेत कळत नाही, पोरांनो, आणि नोकरीही कळत नाही. बसल्या बसल्या त्याची मान पडली.

खांदा कुणीतरी हलवला. एकदा. मग जोरात.

"दादा, गाडी..."

डोळे उघडले तर एसटी फलाटावरून निघालेली. डबल बेल झालेली! तो धावला, दांडा धरून चढला, कंडक्टरच्या दोन शिव्या खाल्ल्या आणि मग त्याला सुचलं, आपल्याला उठवलं कुणी? मागच्या काचेतून पाहिलं. बाकडं रिकामं. सगळा स्टँड रिकामा. सीटवर टेकला आणि पुन्हा झोपला. मंचर कधी आलं, कोण चढलं, कोण उतरलं, त्याला पत्ता नाही.

बहिरूची हकिकत त्याला ठमाबाईंनी पुढं पंधरा दिवसांनी सांगितली. बहिरू म्हणजे ते पोर. गोरख यायच्या दोन वर्षं आधी गाडीवर होतं, बारा-तेरा वर्षांचं. भाताची आवणी, म्हणजे लावणी, झाली की वर डोंगरातली माणसं खाली कामाला येतात, त्यांतच कुणीतरी आणून सोडलेलं. एका रात्री शेठ त्याला म्हणाले, "मी येईस्तोवर गाडी सोडू नको," आणि सोयरिकीच्या बैठकीला गेले. तिथंच रंगले, तिथंच झोपले. पोर उभंच राहिलं. पहाटेपर्यंत उभं. मग उभ्या उभ्या डोळा लागला असणार, झोपेतच रस्त्याकडं चाललं असणार. दुधाचा टँकर आला. टँकरवाल्याला तरी काय दिसणार त्या धुक्यात? शेठ वाईट माणूस नव्हता. पण एक शब्द बोलायचा राहिला, तो पुढं जन्मभर रोज रात्री बोलत बसला. मला विचाराल तर थोडीच शिक्षा झाली.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी गोरखला यातलं काही माहीत नव्हतं.

चाकणला तो वेळेवर पोचला. नंबर आला, आत गेला. टेबलामागं एक वयस्क साहेब बसलेले. त्यांनी पाच-सहा प्रश्न विचारले, गोरखनं बरी उत्तरं दिली. साहेब कागदावर सही करायला वाकले, आणि थांबले. गोरखच्या खांद्याकडं बघायला लागले.

"घरात लहान मूल आहे का रे?"

गोरखनं मान वळवून पाहिलं. पांढऱ्या शर्टावर, डाव्या खांद्याला, तेलकट लाल पंजा उमटला होता. पाचही बोटं स्पष्ट. इवलाली.

गोरखनं आपला हात हलकेच त्या पंजावर ठेवला.

"व्हय साहेब," मग तो म्हणाला. "धाकटा भाऊ हाय."

साहेब हसले. "सोडायला आला होता का तुला?"

"न्हाई साहेब. मीच त्याला सोडलं... मंचरपातूर."