वेलांगीची शेवटची खेप

"म्हणजे तुम्ही तुमचंच पुस्तक विसरायला आलात?" डॉ. मृण्मयी आठल्येने विचारलं. खरं तर तिला मनातून आनंदच झाला होता.

समोर दिनानाथ परुळेकर बसले होते, 'सात बेटांची नाव' या अद्भुतकथामालेचे लेखक. मृण्मयीचं अख्खं बालपण त्या नावेत गेलं होतं. धुक्यातल्या बेटांवर जाणारी नावाडीण वेलांगी दर वेळी घरातून निघताना म्हणायची, "येते हं!" निघताना 'जाते' म्हणू नये, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. सहा भाग वेलांगी 'येते' म्हणाली आणि आली. सातव्यात गेली ती गेलीच, आणि पुस्तक संपलं! वाचक असे खवळले की विचारू नका. मृण्मयीने तर ते भिंतीवर फेकून मारलं होतं.

"वाचकांचं सोडा हो, शिव्या खायची सवय आहे मला," परुळेकर म्हणाले. "पण माझी केतकी, एकुलती एक लेक, सातवा भाग वाचल्यापासून धड बोलत नाही. फोन केला की 'हं, बरी आहे' म्हणते आणि ठेवते. मला तो भाग नव्याने लिहायचाय. पण लिहायला बसलो की जुनीच वाक्यं आडवी येतात. तेवढी पुसून टाका."

मृण्मयीचे सहकारी डॉ. इरफान काझी यांनी त्यांना स्मृतिछाटणी यंत्र समजावून सांगितलं. "काका, आठवण म्हणजे मेंदूतल्या पेशींची वीण. यंत्र नेमका हवा तो टाका शोधून उसवतं. मात्र त्या टाक्यात जे जे ओवलेलं असेल, तेही सुटतं. आणि दुसरं म्हणजे, पुस्तकाची आठवण जाईल, पण ते तसं का लिहिलंत, ते कारण आत तसंच राहील."

"कारण कसलं डोंबलाचं! म्हातारपणी बुद्धी फिरली, दुसरं काय!"

छाटणी झाली. वर्षभराने परुळेकर नवं हस्तलिखित घेऊन आले ते थेट केतकीला बरोबर घेऊनच. लेक ओठ घट्ट मिटून बसली होती. म्हातारा मात्र लग्नघरातल्या यजमानासारखा खुशीत होता. "अजून कुणालाही दाखवलेलं नाही," ते म्हणाले. "वाचा, वाचा! आधी शेवटच वाचा!"

दोघींनी शेवटचं पान एकत्रच वाचलं. 'येते हं,' असं म्हणून वेलांगीने नाव लोटली होती. पुढे तेच धुकं, तोच रिकामा किनारा. स्वल्पविरामासकट तेच.

"बाबा, पुन्हा तेच?" केतकीला रडू कोसळलं. "पुन्हा घालवलंत तुम्ही तिला!"

"अहो, पण ती तर गोष्टीतली..." मृण्मयी म्हणाली.

"गोष्टीतली कुठली! माझी आई आहे ती." केतकीने डोळे पुसले. "मी पाच वर्षांची होते. ऑपरेशनला निघताना आई दारात 'येते हं' म्हणाली. नंतर मी रोज दाराशी बसून बाबांना विचारायची, आई येते म्हणाली होती, अजून कशी नाही आली? यांना ते सांगवेना. म्हणून यांनी वेलांगी रचली. येते म्हणाली की येणारी."

"कारण सापडलं," काझी हळूच म्हणाले. "काकू परत आल्या नाहीत, ही आठवण. ती आहे तोवर शेवट हाच होणार."

"मग तीही काढा!" परुळेकर म्हणाले. "माझ्या पोरीपेक्षा जास्त आहे का ती?"

कायमची छाटण्याआधी आठवण घटकाभर बधिर करून बघायची, असा दवाखान्याचा नियम होता. दात उपटण्याआधी हिरडी बधिर करतात, तसंच. मृण्मयीने यंत्र सुरू केलं. परुळेकरांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून विरल्या.

"काका, आता वेलांगीचा शेवट सांगा ना."

"कोण वेलांगी?"

मृण्मयीने चमकून काझींकडे पाहिलं. त्या एका टाक्यात सातही भाग ओवलेले होते. आईची वाट बघणारी लेक आठवणीत नाही, मग तिच्यासाठी रचलेली गोष्ट तरी कुठून असणार?

परुळेकरांची नजर दाराकडे गेली. ते काळजीने म्हणाले, "केतू, आई येते म्हणाली होती गं. अजून कशी नाही आली?"

केतकीने तोंड उघडलं. खरं काय ते सांगायला असे कितीसे शब्द लागणार होते! पण त्या चेहऱ्याकडे बघून तिला ते बोलवेना.

"येईल, बाबा," ती म्हणाली. "नावेतून गेलीय ना ती. समुद्रावर धुकं आहे आज."

"असं होय!" म्हणत ते शहाण्या मुलासारखे दाराकडे बघत बसले.

"बंद करा," केतकी मृण्मयीला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता बंद करा हे!"

परुळेकर भानावर आले, तेव्हा लेकीने त्यांचा हात धरला होता. त्यांनी उत्सुकतेने विचारलं, "काय गं, आली का वेलांगी?"

केतकीने नकारार्थी मान हलवली. "ती आठवण राहू द्या, बाबा. मलाही तुम्हाला सांगवलं नाही."

"पण तुला हा शेवट आवडत नाही ना?"

"नाहीच आवडत. तरी वाचा. मोठ्याने, लहानपणी वाचायचात तसा."

परुळेकरांनी चष्मा लावला. 'येते हं'पर्यंत ते कसेबसे आले आणि थांबले.

पुढचं वाक्य केतकीने म्हटलं, पानाकडे न बघता. "ती परत आली नाही."