तलावापासून सोबत आलेला

पटलं नाही तर सोडून द्या. पण डोनाट्सच्या घोट्यावरचा वण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. आणि विज्माला खोटं बोलता येत नाही, तिचे कान लाल होतात.

विज्मा माझी वहिनी. डोनाट्स तिचा धाकटा भाऊ.

घडलं ते आमच्याच भागात, लाटगालेत, लाटवियाच्या पूर्व टोकाला. गेल्या वर्षी, मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी. तलावाचं नाव सांगत नाही. तिथे अजूनही लोक पोराबाळांना घेऊन पोहायला जातात.

आणि हो, तेव्हा रात्र नव्हती. मे महिन्यात आमच्याकडे संध्याकाळ संपता संपत नाही. जे झालं ते लख्ख उजेडात झालं.

म्हणूनच जास्त भीती वाटते...

डोनाट्स बरीच वर्षं आयर्लंडला होता, मशरूमच्या शेडमध्ये कामाला. इकडे आई अंथरुणाला खिळली. तिचं सगळं विज्मानं एकटीनं काढलं. डोनाट्स आला तो थेट मातीला. आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानानं परतही गेला. त्यानंतर भावाबहिणीचं बोलणं म्हणजे नाताळचा एक फोन.

मग त्या वसंतात तो कायमचा घरी आला. म्हणाला, "विज्मे, सायकली काढू. लहानपणी जायचो तसं मावशीकडे जाऊ. जंगलातून."

ती हो म्हणाली. तिलाही कुठूनतरी सुरुवात हवीच होती.

दोघांकडे जाड टायरच्या ग्रॅव्हल बाइक. आमच्याकडचे रस्ते खडीचेच, दोन्ही बाजूंना पाइनचं जंगल, एक तलाव मागे पडला की दुसरा दिसतो. पाऊस नव्हता. रस्त्यावर पिठासारखी धूळ. सकाळपासून गप्पा झाल्या त्या धुळीच्या, टायरमधल्या हवेच्या, मावशीच्या गुडघ्यांच्या.

आईचं नाव कुणीच काढलं नाही.

दुपार कलल्यावर तलावापाशी थांबले. डोनाट्सनं शर्ट काढून सायकलीवर टाकला.

"एक बुडी मारून येतो."

"पाणी बर्फ आहे, गाढवा."

"मी आयर्लंडचा समुद्र पाहिलाय."

"हो ना. तेवढंच पाहिलंस."

बोलून गेली आणि तिची तिलाच चुटपुट लागली. तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग हसला, सायकल पाइनच्या खोडाला टेकवली आणि लव्हाळ्यांच्या पलीकडे पाण्यात उतरला.

विज्मा किनाऱ्यावर बसून काळा पाव खात होती. लव्हाळ्यांमागून पाण्याचा आवाज येत होता. चुबुक... चुबुक...

बेडकांचा नुसता कल्ला चालला होता.

मग पाण्याचा आवाज थांबला.

आणि बेडूकही थांबले... सगळे... एकदम.

"डोना?"



रुसला असेल, असं तिला वाटलं. लहानपणी असाच करायचा. रुसला की लपून बसायचा. "बस मग तिथंच," असं म्हणत तिनं आपली सायकल ढकलत रस्त्यावर आणली.

"चल," मागून आवाज आला.

डोनाट्स उभा होता. कपडे घातलेले. सायकलीवर.

"इतक्यात आलास?"

"पाणी गार होतं."

त्याचे केस कोरडे होते. तिनं ते पाहिलं होतं. पण डोळ्यांना दिसतं ते सगळं लगेच मनापर्यंत पोचतं थोडंच?

निघाले. तो तिच्या मागे राहिला. सकाळपासून शर्यत लावल्यासारखा पुढे पळणारा माणूस... आता मागे.

बऱ्याच वेळानं तो बोलला.

"विज्मे... आईच्या वेळी मी यायला हवं होतं."

तिनं मान वळवली नाही. हँडल मात्र घट्ट धरलं.

"तू एकटीनं सगळं सोसलंस. मला माफ कर."

इतकी वर्षं ती याच शब्दांसाठी थांबली होती. तिच्या डोळ्यांसमोरचा रस्ता पाण्यात बुडाल्यासारखा झाला. रडतच ती सायकल चालवत राहिली. थांबले तर तो बोलायचा थांबेल, अशी भीती वाटली तिला.

"मी आता कुठेही जाणार नाही," तो म्हणाला. "तू नेशील तिथं येईन."

खडीवर टायर वाजत होते. करकर... करकर...

पण ते तिचेच टायर होते.

तिनं पायडल मारणं थांबवलं. सायकल आपोआप सावकाश झाली... थांबली.

आवाजही थांबला.

मागे खडीवर कुणाचंच चाक वाजत नव्हतं. तरी तिनं वळून पाहिलं तेव्हा तो तिथेच होता. हसत.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. आणि पुन्हा निघाली.

पुढे एका वळणावर रस्त्याकडेचा लाकडी क्रूस होता. आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी बायका अशा क्रुसापाशी जमून मेरीमातेची गाणी म्हणतात. तशा चार-पाच जणी उभ्या होत्या. विज्मा जवळ आली तसं गाणं थांबलं.

सगळ्यांत म्हातारी होती वेनेरांडा, जवळच्याच वाडीतली. तिनं बर्चच्या झाडाच्या आंबवलेल्या रसाचा पत्र्याचा मग भरला आणि पुढे केला.

एकच मग.

"घे, पोरी. घशात धूळ गेली असेल. एवढ्या रानातून एकटीच आलीस? घरचे काही बोलत नाहीत का?"

"एकटी कुठे? भाऊ आहे की."

बायकांनी तिच्या मागे पाहिलं. मग एकमेकींकडे. एकीनं हळूच छातीवर क्रुसाची खूण केली.

"कुठाय?" वेनेरांडानं विचारलं.

विज्मा वळली. हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ तो उभा होता, एक पाय जमिनीवर टेकवून.

"हा काय!"



"चल, विज्मे," डोनाट्स म्हणाला. "म्हाताऱ्या टिंगल करतायत तुझी."

म्हातारीची नजर मात्र विज्मावरून हलली नव्हती. त्याचं बोलणं तिच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं...

"तलावाकडून आलीस?"

"हो."

"भाऊ पाण्यात उतरला होता?"

"हो, पण तो लगेच..."

"त्याला बाहेर येताना पाहिलंस?"

विज्माच्या हातातला मग कलंडला. रस तिच्या बुटांवर सांडला.

"मग तू इथं काय करतेयस, पोरी?"

विज्मानं सायकल वळवली. मागून म्हातारीचा आवाज ऐकू आला, "याज़ेप! अरे याज़ेप, गाडी काढ!" याज़ेप तिचा जावई.

परतीचा रस्ता तोच. त्या पट्ट्यात खडीवर आडव्या लाटा पडल्यात, हाडं खिळखिळी होतात. विज्मा उभी राहून पायडल मारत होती. दात दातांवर आपटत होते.

आणि मागे तो होताच.

"मागे नको, विज्मे. मावशीकडे सूप गार होतंय."

तिनं पाहिलं नाही.

"मी दमलोय गं."

तिनं पाहिलं नाही.

मग तो आवाज अगदी कानाशी आला. डोनाट्सचाच आवाज. तसाच मायेचा.

"तो माफी मागणार नाही, विज्मे... मी मागितली ना?"

*तो.*

 तरी तिचे पाय थांबले नाहीत. तलाव दिसू लागला तेव्हा मागचा आवाज बंद झाला होता. कधी, ते तिला कळलंच नाही.

पाइनच्या खोडाला डोनाट्सची सायकल टेकवलेली होती. तिच्यावर त्याचा शर्ट. आधी टाकला होता तसाच.

लव्हाळ्यांमागे पाण्यावर फक्त एक चेहरा होता. निळे ओठ. मिटलेले डोळे.

ती कपड्यांसकट पाण्यात घुसली. तो श्वास घेत होता. पण हलवता येईना. तळाशी कुणीतरी टाकून दिलेलं मासेमारीचं जुनं जाळं त्याच्या घोट्याला आवळलं होतं. ती त्याचं डोकं छातीशी धरून ओरडत राहिली. गाडी आली. याज़ेपनं बुडी मारून सुरीनं जाळं कापलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अशा पाण्यात इतका वेळ? शुद्ध हरपल्यावर डोकं खाली जायलाच हवं होतं. गेलं कसं नाही, मला सांगता येत नाही."

याज़ेपला मी स्वतः भेटले. त्यानं जाताना रस्ता पाहिला होता. धुळीत तलावाकडून येणारा टायरचा एक माग, आणि परत जाणारा एक. दोन्ही विज्माचे.

डोनाट्सला नीट बोलता यायला दोन-तीन दिवस लागले. विज्मा उशाशी बसली होती.

"तू सोडलं नाहीस म्हणून वाचलो," तो म्हणाला.

"मी?"

"माझी हनुवटी धरून होतीस की! सगळा वेळ. किती गार होते गं तुझे हात..."

विज्मानं हात हळूच मांडीवर ओढून घेतले.

"फक्त तू असं का म्हणत होतीस, ते कळलं नाही."

"काय म्हणत होते?"

त्यानं नजर छताकडे वळवली.

"म्हणत होतीस, ती येणार नाही, डोना. ती पुढे गेली. सारखं तेच... मी विचारलं, ती कोण? तूच तर आहेस ना?" मग त्यानं डोळे मिटले. "त्यावर तू जे म्हणालीस, ते मी नाही सांगणार."

तिनं आजपर्यंत विचारलेलं नाही.

डोनाट्स बरा झाला. आता इथेच गावात राहतो, बेकरीत कामाला जातो. माफीबिफी त्यानं अजून मागितलेली नाही. दर रविवारी विज्माकडे जेवायला येतो. तिनं बशी पुढे केली की आधी तिच्या हातांकडे बघतो. मगच घेतो.

या हिवाळ्यात एकदा आम्ही दोघीच घरात होतो. विज्मा स्वतःहूनच बोलली.

"खरं सांगू? त्या म्हातारीनं विचारलं ना, त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं. पाठीमागे आहे तो डोना नाही, डोना तिकडे पाण्यात आहे... तरी मी सायकल धरून उभीच राहिले."

"घाबरली असशील गं."

तिनं मान हलवली.

"नाही. मला पुढंच जायचं होतं. त्याच्यासोबत."

ती किती वेळ उभी होती, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

डोनाट्सला यातलं काही माहीत नाही.

निदान... आम्ही त्याला काही सांगितलेलं नाही.