नक्कल मिळण्याबाबत

“मी नातं जोडायला आलेली नाही. तुमची सही हवी आहे, म्हणून आले!”

दुकानाच्या पायरीवर उभं राहून भाचीने हे शब्द असे फेकले, की मास्तरणीच्या हातातली बॅग तशीच मांडीवर राहिली आणि चेनीचा रनर निसटून टेबलाखाली गेला. पण तिला त्याचं भान कुठलं! जिला कडेवर घेऊन तिने गल्लीतली कुत्री-मांजरं दाखवली होती, जिच्या तापलेल्या कपाळावर तिने पट्ट्या ठेवल्या होत्या, ती चिमणी आज इतक्या वर्षांनी आपल्या पायांनी दारात आली होती... आणि तिच्या डोळ्यांत मायेचा लवलेशही नव्हता! पोर पोटुशी होती. सैल झग्याआडूनही ते लपत नव्हतं. ‘आधी बस गं, बाळा’ हे शब्द मास्तरणीच्या ओठांपर्यंत आले आणि तिथूनच मागे फिरले.

गल्लीतले लोक तिला अजून मास्तरीण म्हणत. पूर्वी ती मोटार चालवायला शिकवायची, आणि शहरातले निम्मे लोक तिच्या ओरड्याखाली क्लच सोडायला शिकले होते. आता तिच्याकडे ना लायसन्स होतं, ना गाडी. आता ती लोकांच्या बॅगा शिवायची, छत्र्यांच्या काड्या बसवायची. दारू पिऊन गाडी चालवली, सख्ख्या भावजयीचा जीव घेतला आणि तुरुंगात जाऊन आली, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. भाचीलाही तेवढंच ठाऊक होतं.

“कसली सही?” तिने हळूच विचारलं.

“तुमच्या खटल्याची नक्कल हवीय मला.” भाचीचा संताप आता शब्दाशब्दांतून उसळू लागला. “केव्हाची वणवण करतेय! पोलीस ठाण्यात गेले, तर म्हणाले खटल्याचा नंबर आणा, तो कोर्टात मिळेल. कोर्टात गेले, तर म्हणाले अटकेचा नंबर आणा, तो ठाण्यात मिळेल. कॉम्प्युटरवर शोधायला बसले, तर त्याला दोन्ही नंबर हवेत! भिंतीवर ही एवढी मोठी पाटी, ‘नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत’. मी ती दाखवली, तर कारकून म्हणतो, नोंदी खुल्याच आहेत हो बाई, खोलीला कुलूप आहे!”

एरवी मास्तरीण खळखळून हसली असती.

“शेवटी एकाने सांगितलं, खटल्यातला माणूस स्वतः आला तर अर्ज पुढे सरकतो. खटल्यातला माणूस म्हणजे आरोपी. म्हणजे... तुम्ही.”

“कशाला गं ते जुनं उकरून काढायचं?”

“कशाला?” भाचीचा आवाज चिरकला. “उद्या माझं मूल मला विचारेल, आई, तुझी आई कशी गेली? काय सांगू त्याला? बाबांसमोर विषय काढला की ते भरल्या ताटावरून उठतात. तिला खूप दुखलं का, ती काही बोलली का, शेवटी माझी आठवण तरी काढली का... एका फोटोशिवाय काहीच नाही माझ्याकडे!”

मास्तरणीने मान खाली घातली. त्या कागदांची भीती तिला नव्हती. कागदांवर तेच होतं जे तिने स्वतः सांगितलं होतं. तिला भीती होती ती या पोरीच्या डोळ्यांची. पण त्या भीतीच्याही तळाशी एक वेडी, लाचार आशा जागी झाली... दिवसभर ही आपल्याशेजारी असेल! रांगेत का असेना, रागात का असेना, पण असेल! तिने शटर ओढलं.

कोर्टाच्या जुन्या इमारतीत नकलांची खिडकी एका अरुंद बोळाच्या टोकाला होती. तिथे पोचल्यावर कळलं की आधी अर्जावर कोर्ट फीची तिकिटं चिकटवून आणायची. तिकिटं आणली, तर अर्जावर शिक्का हवा होता. शिक्का मारणारा चहाला गेला होता, आणि तो आला तेव्हा शिक्क्याची शाई वाळली होती. भाचीचे पाय सुजून टम्म झाले होते. मास्तरणीने पहारेकऱ्याची विनवणी करून त्याची खुर्ची आणली.

“नको मला,” भाची फटकन म्हणाली.

“माझ्यासाठी नको बसूस. पोटातल्यासाठी बस.”

भाची बसली, पण तोंड फिरवून.

अखेर खिडकीतल्या कारकुनाने एक जाडजूड रजिस्टर उघडलं, चष्मा नाकावर सरकवला आणि मान हलवली. “नाव जुळत नाही. इथे पहिली वेलांटी आहे, तुमच्या ओळखपत्रावर दुसरी. हा माणूस वेगळा.”

“अहो, एका वेलांटीसाठी किती हेलपाटे घालायचे?” भाची ताडकन उठली.

“नियम आहे, बाई.”

“दादा,” मास्तरीण शांतपणे म्हणाली, “मला तुरुंगात नेलं तेव्हा कोणी वेलांटी तपासली नव्हती हो!”

बोळातली माणसं हसली. कारकूनही ओशाळून हसला आणि फाईल काढायला आत गेला. भाचीच्या ओठांच्या कोपऱ्यातही काहीतरी हललं. पण लगेच, जणू काही चोरी पकडली गेली असावी, तसा तिने चेहरा पुन्हा दगडासारखा केला. मास्तरणीला मात्र तेवढ्यानेही भरून आलं. किती दरिद्री झालं होतं तिचं मन, की एका अर्धवट हसण्यावर त्याचं पोट भरावं!

नक्कल हातात पडली तेव्हा कोर्ट रिकामं होत आलं होतं. अंगणात, पाण्याच्या नळाजवळच्या बाकावर बसून भाची वाचू लागली. कागद मोजकेच होते. आरोपीच्या तोंडास मद्याचा वास. तपासणीत मद्य आढळले. आरोपी चालकाच्या जागी बसलेली. आरोपीने गुन्हा कबूल केला. एवढंच. भाचीचं बोट ओळीवरून सरकत सरकत शेवटी एका शब्दाशी थांबलं.

“गाडीतील महिलेचा जागीच मृत्यू.”

तिने कागद मांडीवर ठेवला. आता ती रागावली नाही, ओरडली नाही. तिचे खांदे एकदम खचले.

“जागीच,” ती पुटपुटली. “म्हणजे ती काहीच बोलली नाही. माझी आठवण काढायलाही वेळ नव्हता तिला... या एका शब्दासाठी मी एवढी पायपीट केली!” आणि दोन्ही हातांत तोंड लपवून ती लहान मुलीसारखी हमसू लागली.

मास्तरणीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. लोकांच्या शिव्या तिने सोसल्या होत्या, तुरुंगाच्या भिंती सोसल्या होत्या, या पोरीचा तिरस्कारसुद्धा आपलंच देणं समजून सोसला होता. पण हे रडणं? हे कसं सोसायचं?

“खोटं आहे ते!” ती कळवळून म्हणाली. “जागीच नाही गं गेली ती. श्वास चालू होता तिचा. माझा हात घट्ट धरला होता तिने. तिला फार दुखत नव्हतं, थंडी वाजत होती नुसती... मला म्हणाली, वन्सं, चिमणीला अंधाराची भीती वाटते, खोलीतला दिवा मालवू नका. हेच शेवटचं बोलली ती. तुझ्याबद्दलच बोलली! माझ्या मांडीवर डोकं होतं तिचं...”

भाचीने चेहरा वर केला. आसवांनी भिजलेला, तरी उजळलेला. कितीतरी वेळ ती ते वाक्य मनातल्या मनात घोळवत राहिली. आणि मग हळूहळू तिच्या भुवया आक्रसल्या.

“मांडीवर? म्हणजे बाहेर काढल्यावर?”

“कुठलं बाहेर! दार चेपलं होतं. मागे आम्ही दोघी अशा अडकून...”

ती थांबली. पण सुटलेला शब्द आता परत येणार नव्हता!

“मागे?” भाचीने कागद उचलला, त्याकडे पाहिलं, मग मास्तरणीकडे पाहिलं. “तुम्ही मागच्या सीटवर होतात... मग गाडी कोण चालवत होतं?”

मास्तरणीने नजर नळाकडे वळवली. नळाचं पाणी ठिबकत होतं.

“गाडी कोण चालवत होतं, आत्या?”

त्या एका हाकेने इतक्या वर्षांचा बांध फुटला. आई-बाप गेल्यावर जो भाऊ तिने स्वतः वाढवला, ज्याला शिकवून शाळेत सर केलं, ज्याचं लग्न लावलं, तोच त्या संध्याकाळी मित्राच्या घरून झिंगत निघाला होता. तिने किल्ली मागितली. “तू रोज शिकवतेस, आज आराम कर!” असं म्हणत त्याने हसण्यावारी नेलं. भावजय रुसून मागे येऊन बसली, “मी नाही यांच्याशेजारी बसत!” म्हणून. पुढच्या वळणावर झाड आलं... सगळं शांत झालं तेव्हा भाऊ स्टिअरिंगवर डोकं आपटत रडत होता, मांडीवर भावजय निवत चालली होती, आणि शेजारणीकडे झोपवलेली चिमणी मास्तरणीच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आई गेली. आता बापही तुरुंगात गेला, तर या लेकराने कोणाकडे पाहायचं? जिला दारूच्या नुसत्या वासाने मळमळायचं, त्या बाईने भावाची उरलेली बाटली घशात ओतली, फुटलेल्या काचेतून बाहेर आली, त्याला खाली उतरवलं आणि त्याच्या जागी बसली.

“आणि बाबांनी मला तुझा द्वेष करायला शिकवलं?” भाचीने विचारलं.

“शिकवलं नाही गं. तो फक्त गप्प बसला.”

“मग गप्प बसणं म्हणजे दुसरं काय असतं?”

“त्याने त्यानंतर थेंबाला हात लावला नाही, चिमणे. तुला तळहातावर वाढवलं. आता नको काही... माझी शपथ आहे तुला!”

“तू कोण गं, माझ्यासाठी ठरवणारी?” भाची उसळली. “माझी आई गेली, तिला परत आणणं कोणाच्या हातात नव्हतं. पण आत्या? आत्या होती ना मला? जिवंत होती, चार गल्ल्यांपलीकडे होती! ती तू माझ्याकडून काढून घेतलीस. तू आणि त्यांनी मिळून!”

आपल्या त्यागाचा हिशोब मास्तरणीने असा कधी मांडलाच नव्हता. दुःख आपल्या एकटीच्या वाट्याला आलं, असं ती समजत आली होती... आणि इथे ही पोर तिच्याइतकीच पोरकी होऊन बसली होती!

भाचीने फोन लावला. “बाबा, कोर्टाच्या अंगणात या. आत्या शेजारी बसलीय माझ्या.” बस, एवढंच बोलली.

सर आले ते शाळेतून तसेच, बाहीवर खडूची भुकटी घेऊन. फाटकातून दोघींना एका बाकावर पाहिलं आणि त्यांची पावलं जड झाली. भाचीने काही विचारलं नाही, नुसती नक्कल पुढे केली. ती न वाचताच ते मटकन खाली, फरशीवर बसले.

“ताई... सांगितलंस?”

“तोंडातून निसटलं रे, बाळ्या.”

“बरं झालं.” त्यांचा चेहरा एकाएकी म्हाताऱ्यासारखा दिसू लागला. “रोज ठरवायचो, उद्या सांगेन. आज मुलगी लहान आहे, मोठी झाली की सांगेन. मोठी झाली, तर म्हटलं लग्न होऊ दे... सत्य शिळं होत गेलं की जास्तच घशात अडकतं. वर्गात मुलांना खरं बोला म्हणून सांगायचो आणि घरी येऊन आरशात बघायची लाज वाटायची.” त्यांनी बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं. “मी भित्रा निघालो, ताई! तू माझी शिक्षा भोगलीस आणि मी तुझी माया भोगली!”

मास्तरणीने त्यांचं डोकं उचलून छातीशी धरलं. भाची मात्र जागची हलली नाही.

“माझ्यापुढे रडून काय उपयोग, बाबा? जिथे खोटं लिहिलंय, तिथे जाऊन सांगा.”

सर उठले. खिडकी बंद होत होती. ते धावत बोळात शिरले आणि दोघी मागोमाग गेल्या.

“मला नोंद दुरुस्त करायची आहे,” सर धापा टाकत म्हणाले. “या खटल्यात गाडी मी चालवत होतो. दारू मी प्यायलो होतो.”

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. दिवसभरच्या कटकटीने तोही वैतागला होता. “साहेब, ही खिडकी नकलांची आहे. कबुलीची नाही.”

“मग कबुलीची कुठे आहे?”

“खटला बंद झालाय. बंद खटल्यात आम्ही वेलांटीसुद्धा हलवत नाही.”

“अहो, पण गुन्हा मी केलाय!” सर खिडकीच्या गजांना धरून ओरडले. “माझी बहीण निर्दोष आहे! ऐकायला कोणी आहे की नाही इथे?”

कारकुनाने उघडं रजिस्टर मिटलं, मास्तरणीकडे एकवार नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. “समोर पोलीस ठाणं आहे. तिथे जबाब द्या. ते वर पाठवतील, वरचे आणखी वर पाठवतील. किती काळ लागेल, देव जाणे. पण सुरुवात तिथून होते.”

ठाण्यातल्या अधिकाऱ्यालाही ते तीनदा समजावून सांगावं लागलं. कोणी तक्रार घेऊन येतं, कोणी सुटका मागायला येतं. आपण होऊन जुना गुन्हा मागायला आलेला माणूस त्याने पाहिला नव्हता. “नीट विचार केलाय ना, सर? नोकरी जाईल. अटकही होऊ शकते.”

“केलाय,” सर म्हणाले. “फार उशिरा केला, पण केलाय.”

अधिकाऱ्याने आतल्या खोलीकडे हात केला. सर निघाले, आणि त्याबरोबर मास्तरीण बाकावरून उठली. इतक्या वर्षांची सवय तिला उठवत होती... तो पडला की आपण धावायचं, त्याला लागलं की आपण फुंकर घालायची. ‘साहेब, त्याचं ऐकू नका, तो भावनेच्या भरात बोलतोय, गाडी मीच चालवत होते’ हे शब्द तिच्या जिभेवर तयार होते. अजूनही एका वाक्यात ती त्याला सोडवू शकत होती!

तिच्या मनगटाभोवती बोटं आवळली गेली. भाचीची.

“नको, आत्या. जाऊ दे त्यांना.”

“अगं, पण तो एकटा...”

“एकटे नाहीत ते. आपण दोघी इथेच बसणार आहोत, बाहेर येईपर्यंत. पण आत त्यांचं त्यांना जाऊ दे.”

दारात सर थबकले. त्यांनी वळून बहिणीकडे पाहिलं. त्या नजरेत भीती होती, पण विनवणी नव्हती. मास्तरणीचे ओठ हलले. मग तिने ते घट्ट मिटून घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदाच, भाऊ संकटात असताना, ती खाली बसली.

आतलं दार बंद झालं. भाचीने दमलेलं डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं आणि डोळे मिटून म्हणाली, “आईबद्दल सांग ना आता. मरतानाचं नको. आधीचं सांग. ती हसायची कशी?”