पाहणाऱ्याची सही

तीस कादंबऱ्या, त्यांत त्रेचाळीस खून, आणि घरात झुरळ निघालं की मावशी खुर्चीवर. हे भाची येईल त्याला सांगायची. भाची ग्रंथालयात कामाला होती. मावशीची हस्तलिखितं ग्रंथालयात ठेवायची ठरलं, तेव्हा त्यांची यादी करायचं काम तिने हट्टाने मागून घेतलं होतं. रविवारी मावशीचा सत्कार होता, त्याआधी यादी पुरी व्हायला हवी होती.

हस्तलिखितं म्हणजे प्रयोगशाळेच्या वह्या. लेखिका होण्याआधी मावशी रसायनशास्त्रज्ञ होती. प्रयोगशाळेला आग लागली, त्यानंतर धुराचा वास बसलेल्या एकतीस कोऱ्या वह्या मोडीत निघाल्या, आणि नोकरी सोडताना तिने त्या मागून घेतल्या. एका वहीत एक कादंबरी. शिस्तही प्रयोगशाळेचीच. पानाला क्रमांक आणि तारीख. चुकलं तर एकच सरळ रेघ मारायची, वर दुरुस्ती लिहायची, बाजूला आद्याक्षर. कादंबरी टाइप करून झाली की वही बंद. बंद झालेली वही मावशीने कधी पुन्हा उघडली नव्हती.

प्रत्येक पानाच्या तळाशी दोन ओळी छापलेल्या होत्या: ‘करणाऱ्याची सही’ आणि ‘पाहणाऱ्याची सही’. पहिली सही प्रयोग करणाऱ्याची. दुसरी शेजारच्याची, तीही सगळं वाचून पटलं तरच.

“मावशी, ही दुसरी सही कोण करायचं गं?” शनिवारी सकाळी भाचीने विचारलं.

“कोण करणार? ती ओळ कोरी असते.”

“बघ बरं.” भाचीने वही पुढे सरकवली.

पहिली कादंबरी, पान एकशे बारा. खुनी कुठे चुकतो हे मावशीला या पानावर सुचलं होतं. तळाशी तिची सही होती. खालच्या ओळीवर दुसरी होती, एका दमात ओढलेली, शेवटी मासे धरायच्या गळासारखा आकडा.

मावशीने चष्मा काढला, पुसला, परत लावला. सही जागची हलली नाही.

“प्रत्येक वहीत एकच आहे,” भाची म्हणाली. “जिथे उलगडा होतो, नेमकी त्या पानावर. फक्त चौथ्या वहीत नाही.”

मावशीला हसू फुटलं. चौथ्या कादंबरीतलं विष तीन मिनिटांत माणूस मारायचं. प्रत्यक्षात त्याला दोन दिवस लागले असते. वाचकांनी ती कादंबरी डोक्यावर घेतली होती.

“तिला पटलं नसणार,” ती म्हणाली. “महा चिकट बाई.”

“कोण?”

“चिमटा.”

चिमटा म्हणजे प्रयोगशाळेतली, शेजारच्या टेबलावरची मैत्रीण. काचेची नळी असो की कुणाचं बोलणं, चिमट्यात धरल्यासारखं उजेडात फिरवून बघायची. दोघी एकमेकींच्या वह्यांवर सह्या करायच्या. आगीत गेली ती एकटीच.

“मग या वह्या तिने कधी वाचल्या?”

“ती गेली तेव्हा या कोऱ्या होत्या, बाळ.”

भाचीचा हात वहीवरून मागे आला. “तूच केल्या असशील गं. आठवण म्हणून. विसरली असशील.”

पोरीचा चेहरा उतरला होता. मावशी दोनदा खोकली. “असेल. वय झालं आता.”

भाची जेवायला घरी गेली, तेव्हा मावशी भिंग घेऊन बसली. एकोणतीस सह्या. तिचं अक्षर उजवीकडे कलायचं, ही सही डावीकडे कललेली होती. चिमटा डावरी होती. शेवटी तिने पान नाकाशी नेलं. धुराचा वास नव्हता. गोडसर, गार, टाळूला बधिर करणारा वास होता. ईथरचा, ठिणगीनेही पेटणाऱ्या त्या द्रवाचा.

भीती वाटायला हवी होती. पण तिने पान पुन्हा नाकाशी नेलं. तीस वर्षं आपण एकटीच या टेबलाशी बसतो, असं ती धरून चालली होती. कुणीतरी शब्दन् शब्द वाचत होतं. नाही पटलं तेव्हा सही नाकारत होतं. एवढं कुठल्या लेखकाच्या नशिबी येतं?

तिने एकतिसावी वही काढली. शेवटची, कोरी. तारीख घातली आणि लिहिलं:

‘आग लागली त्या दिवशी ईथरच्या टेबलावर पाळी माझी होती. ताप आहे असं मी चिमटाला फोनवर सांगितलं. ताप नव्हता. मला एक गोष्ट सुचली होती आणि घरी बसून ती लिहायची होती. माझ्या जागी ती उभी राहिली. मी खोटं बोलले हे तिला कधीच कळलं नाही. माझं सगळं लिखाण तिच्या जिवावर उभं आहे. उद्या सगळ्यांसमोर मी हे सांगणार आहे. पण आभार आधी तिचे. ती मला क्षमा करेल का, ठाऊक नाही.’

खाली सही केली. वही कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. पेन टेबलावर, नेहमीच्या जागी.

रविवारी सकाळी ती ठेवणीतली साडी नेसून कपाटाशी आली. ईथरचा वास कपाटाच्या दाराबाहेरच येत होता.

तिने कुलूप काढलं.

पाहणाऱ्याची सही झालेली होती. डावीकडे कललेली, शेवटी आकडा.

वर एका वाक्यावर एकच सरळ रेघ मारलेली होती: ‘मी खोटं बोलले हे तिला कधीच कळलं नाही.’ त्यावर बारीक अक्षरात दुरुस्ती, बाजूला आद्याक्षर:

‘लगेच कळलं. खोटं बोलताना तू दोनदा खोकतेस. गोष्ट सुचलीय, लिहू दे म्हटलं.’

मावशी खुर्चीत बसली. रडली, मग हसली, मग दोन्ही. “चिकट कुठली,” ती मोठ्याने म्हणाली. “थँक्यू गं.”

खालून भाचीची हाक आली. “मावशी, आटप! गाडी आलीय!”

“आले, आले.”

वही मिटायला म्हणून तिने हात घातला आणि पान उलटलं.

दुसरं पान. आजची तारीख. मजकूर काहीच नाही.

तळाशी पहिल्या ओळीवर, करणाऱ्याच्या जागी, चिमटाची सही. खालची ओळ मावशीसाठी कोरी ठेवलेली.

वाचल्याशिवाय सही करायची नसते. दोघींनी हा नियम कधी मोडला नव्हता. पण ताप आहे म्हटलं त्या दिवशी चिमटानेही काही विचारलं नव्हतं.

वहीच्या घडीत मावशीचं पेन होतं. टोपण काढून ठेवलेलं.

तिने ते उचललं. कोमट लागलं, आत्ताच कुणाच्या तरी हातातून सुटल्यासारखं.