निशाचे हक्क

तसं भुताखेतांचं मला काही वाटत नाही. हल्ली तर कशाचंच काही वाटत नाही. घडलं तेवढं सांगतो.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका पेढीत मी डेटाबेस सांभाळतो. कुठल्या गोदामात कुठली सळई पडली आहे, ते सगळं त्यात असतं. कोणी नुसतं बघायचं, कोणी नोंदी बदलायच्या, ते गट मी पाडतो. माझी बायको निशा तिथेच नोंदी करायची. तिचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. मालक शैलेशशेठ हळूच म्हणाले, "परेश, वहिनींच्या जागी समृद्धी आलीय. तिला त्यांचेच हक्क दे."

आमच्याकडे नवं माणूस आलं की सरळ जुन्याच्या खात्याची नक्कल करून नाव बदलतात. आळस, दुसरं काय. मीही तेच केलं. निशाचं खातं मात्र माझ्याच्याने बंद करवलं नाही.

दुपारी चारला समृद्धी स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "अहो, गॅस बंद केलात ना?"

निशा रोज चारला हेच विचारायची.

"काय म्हणालीस?"

"मी? काही नाही, सर." तिचे ओठ पांढरे पडले होते. खोलीत स्पिरिटचा वास यायला लागला. "सर... मला कुठलातरी वॉर्ड आठवतोय. मी कधी गेलेच नाही तिथे... श्वास पुरत नाहीये. ते बाहेर फोनवर आहेत..."

फोनवर मीच होतो. निशा गेली तेव्हा मी वॉर्डाबाहेर उभा राहून कुणाला तरी पासवर्ड सांगत होतो.

हक्क काढून घ्यायला एक बटण पुरे होतं. बोट त्यावरच होतं. पण शेवटी निशाला काय म्हणायचं होतं, ते मला हवं होतं.

"ती... काय म्हणतेय?"

समृद्धीला धाप लागली. तिने टेबलाची कड घट्ट धरली. "बास, सर... मला नाही सोसवत..."

मी बटण दाबलं. मग निशाचं खातंही पुसलं. तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. समृद्धी "चक्कर आली वाटतं" म्हणत पाणी प्यायला उठली. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

यादी पुन्हा उघडली तेव्हा तळाशी एक नवा गट होता, नाव 'वॉर्ड'. मी तो पाडलेला नव्हता. बनवणारी: निशा. वेळ: चार वाजून बारा मिनिटं. सभासद एकच, मी.

माझं नाव काढायला गेलो. आख्खा डेटाबेस माझ्या हातात, माझ्यावर कोणी नाही. तरी स्क्रीनवर आलं, तुम्हाला तो अधिकार नाही.

त्या गटाला हक्क एकच दिला होता. आत येण्याचा.