आजीचा नंबर

ही गोष्ट मी कुठे ऐकलेली नाही. आमच्याच घरात घडली आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी वणीला यावं, चहा पाजीन आणि तो कोपराही दाखवीन.

साल २०१२. कापसाचं सगळं बसलं होतं, वणीतल्या कितीतरी जिनिंगा बंद पडल्या होत्या. माझी आजी कांताबाई अशाच एका जिनिंगमध्ये जन्मभर डोक्यावर कापसाचे टोपले वाहून घरी बसली होती. मान कायमची आखडलेली. कोणी हाक मारली तर ती अख्खं अंग वळवायची. आडवं झालं की कळ यायची, म्हणून खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसूनच झोपायची.

माझे बाबा, धर्मपाल, कोळशाचा ट्रक चालवायचे. त्यांची कंबर गेलेली.

आणि गंमत बघा, मोहल्ल्यातल्या सगळ्यांच्या पाठी बऱ्या करायची ती आजीच.

आजी पायाळू होती. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. पाठीत उसण भरली की लोक आमच्या ओसरीवर येऊन पालथे पडायचे, आणि आजी चौकट धरून त्यांच्या पाठीवर पाय लावायची. आजीची एक अट असायची. पाय लावून घेतला की मागे वळून पाहायचं नाही. बाबा असल्या गोष्टींना हसायचे, पण ड्युटीवरून आले की गुपचूप पालथे पडायचे.

तिच्या स्वतःच्या मानेला मात्र कोणाचाच पाय चालला नाही.

त्या वर्षी यवतमाळच्या एका दवाखान्यात नवीन इलाज सुरू झाला. दुखणं मेंदूपर्यंत नेणारी बारीक नस शोधायची आणि सुईच्या टोकाने तापवून ती बंद करायची. मशीन महिन्यातून एकदाच बाहेरून यायचं. आधी नुसतं बधिर करायचं इंजेक्शन देऊन बघायचे. त्याने काही तास आराम पडला, तर नस बरोबर सापडली असं समजायचं.

बाबांनी आणि आजीने एकाच दिवशी ते इंजेक्शन घेतलं. दोघांनाही आराम पडला.

त्या संध्याकाळी आजी वाकळीवर उताणी झोपली. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. घोरायलासुद्धा लागली. आम्ही हसत होतो.

पहाटे इंजेक्शन उतरलं, आणि ती पुन्हा कोपऱ्यात बसून कण्हायला लागली.

मशीन आलं त्या दिवशी आम्ही तिघं यवतमाळला गेलो. गर्दी फार होती. शेवटी कंपाउंडर बाहेर आला. एकच नंबर होईल म्हणाला, तुमच्यातून कोण येतंय?

ट्रकच्या मालकाने बाबांना बजावलं होतं, कंबर नीट करून ये, नाहीतर चावी ठेव.

बाबा उठले.

आजी धुतलेलं लुगडं नेसून बाकावर बसली होती. आत जाणाऱ्या लेकाकडे पाहायला तिने मान वळवायचा प्रयत्न केला... मान वळली नाही.

बाबांची कंबर दुखायची राहिली. पुढच्या महिन्यात तुझाच नंबर, असं त्यांनी आजीला परतीच्या एसटीत सांगितलं. पण पुढचं मशीन यायच्या आधीच, पोळ्याच्या तोंडावर, आजी गेली. त्याच कोपऱ्यात, बसल्या बसल्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाबा जुन्या सवयीने ओसरीवर पालथे पडले होते. मी तांदूळ निवडत होते.

तेवढ्यात आवाज आला...

टाचेच्या भेगा फरशीला घासल्याचा.

मग चौकट करकरली. आजी तिला धरून भार टाकायची तेव्हा करकरायची, तशी.

चौकटीजवळ कोणीच नव्हतं.

आणि बाबांच्या पाठीवरचं बनियन... दबलं.

बाबा हलले नाहीत. फक्त हळूच म्हणाले, "माये, आता दुखत नाही व मले."

तरी भार उठला नाही.

मग रोज तेच सुरू झालं. ज्या लेकाने तिचा नंबर घेतला, त्याच्याच पाठीवर ती रोज पाय लावायला येत होती. ती रागावली असती तर बाबांनी सोसलं असतं, पण ही माया त्यांना सोसेना. जेवण तुटलं.

एका संध्याकाळी पाठीवर भार असतानाच ते म्हणाले, "माये, माफ कर मले," आणि मागे वळून पाहिलं.

काय दिसलं ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

सकाळी त्यांची मान आखडलेली होती. आजीची होती तशीच. फोटो काढले, एमआरआयचं मोठं मशीन झालं, कशातच काही निघालं नाही. ट्रक सुटला तो सुटलाच.

पाय लावायला येणं त्या दिवसापासून बंद झालं. आता कोपऱ्यातून कण्हणं ऐकू यायला लागलं...

मला वाटायचं भास आहे. पण शेजारच्या बिस्मिल्लाबींनी एकदा भिंतीवरून हाक मारली, "ममता, दादी के गर्दन कू तेल लगा दे ना, कबसे कराह री बिचारी." आणि मग त्या झटकन भिंतीआड झाल्या. आजीच्या मातीला त्या स्वतः आल्या होत्या.

मी बाबांना पुन्हा यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी मानेत बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि आराम किती पडला ते विचारलं. बाबा म्हणाले, काहीच नाही. मग नस जाळून उपयोग नाही, असं सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवलं.

घरी आलो तेव्हा दिवस बुडाला होता.

कोपरा शांत होता.

आजीची वाकळ मी घडी करून ठेवली होती. ती... अंथरलेली होती. मधोमध खोलगट, कोणी उताणं झोपल्यासारखी. आणि घोरण्याचा बारीक आवाज.

बाबा दारातच खाली बसले. लहान पोरासारखे रडले. सुई त्यांच्या मानेत गेली होती, आणि आराम तिला पडला होता.

पहाटे कण्हणं पुन्हा सुरू झालं.

उजाडताच बाबांनी दवाखान्यात फोन लावला. काल सांगायला चुकलो, आराम पूर्ण पडला होता, या वेळी नंबर लावा, असं म्हणाले.

"बाबा, खोटं काहून सांगून राह्यले तुम्ही?" मी विचारलं.

"मायचा नंबर हाय तो," ते म्हणाले. "म्या खाल्ला होता."

त्यांनी मानेतल्या नसा जाळून घेतल्या. त्यांच्या दुखण्याला तसूभर फरक पडला नाही. पण घर शांत झालं. रोज संध्याकाळी वाकळ आम्हीच अंथरायचो, आणि सकाळी ती खोलगट दिसायची. बाबांचं जेवण वाढलं. मला वाटलं, सुटलो.

वर्ष असंच गेलं. मग तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, जाळलेली नस हळूहळू परत वाढते. कोणाची वर्षात, कोणाची दीड वर्षात. दुखायला लागलं की या, पुन्हा करू.

तेव्हापासून कोपऱ्यातून कण्हणं आलं की बाबा यवतमाळला जाऊन नसा पुन्हा जाळून घ्यायचे. इतक्या वर्षांनी बाबा आता थकलेत. मागच्या वेळी टेबलावर त्यांचा बीपी इतका उतरला होता की आत धावपळ झाली. इंजिनाच्या आवाजाने त्यांचे कानही मंदावलेत. हळू आवाज त्यांना येत नाही.

मला येतो.

परवा दिवेलागणीला कोपऱ्यातून पुन्हा आवाज आला...

बाबांनी माझा चेहरा पाहिला असावा. "काही आयकू येऊन राह्यलं का व?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

खरं सांगितलं तर ते उद्याच यवतमाळची एसटी धरतील, आणि त्या टेबलावरून उठतील की नाही याची मला खात्री नाही. म्हणून आता रोज दिवस बुडाला की मी टीव्हीचा आवाज वाढवते.

आजी तिथेच बसून कण्हत असते.